परवाना एकाचा, घर सगळ्यांचे

स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक किंवा पिस्तूल ठेवणाऱ्याच्या दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या आड येतात. रात्री-अपरात्री दाराशी कोणी आले तर शस्त्र हाताशी असावे, भरलेले असावे, ही पहिली. घरातल्या मुलाच्या हाती ते कधीही लागू नये, ही दुसरी. उशीखालचे पिस्तूल पहिली अपेक्षा पुरी करते. गोळ्या काढून कुलपात ठेवलेले पिस्तूल दुसरी पुरी करते. दोन्ही एकदम साधतील अशी जागा बहुतेक घरांत नसते. मग निवड करावी लागते आणि ती सहसा कोणी विचार करून केलेली नसते.

खानदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात परवान्याचे शस्त्र घरोघरी सापडत नाही. ते मोजक्यांकडे असते: सराफ, कापसाचा मोठा व्यापारी, जिनिंगचा मालक, पेट्रोलपंपवाला, राजकारणातला माणूस, स्वतःची दुनळी घेऊन बँकेच्या दारात उभा राहणारा माजी सैनिक, गावापासून लांब मळ्यात राहणारा एखादा शेतकरी. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात होते, महाराष्ट्रात ८४,०५०. लोकसंख्येने दुसऱ्या क्रमांकाच्या राज्यात एवढेच परवाने असणे ही चांगली गोष्ट आहे, पण तिची एक दुसरी बाजूही आहे. बंदूक ही घरातली नेहमीची वस्तू नसल्यामुळे ती कशी ठेवावी याची रीत इथल्या घरांत मुरलेली नाही. विळी कुठे ठेवावी, कपाशीवर फवारायचे औषध मुलांपासून कसे लांब ठेवावे, हे घरातली म्हातारी माणसे सांगतात. पिस्तुलाबद्दल सांगणारे कोणी नसते.

खानदेशात शस्त्रांचा प्रश्न मात्र जुना आहे. पेशवाई संपल्यावर सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतल्या भिल्लांना काबूत आणणे कंपनी सरकारला जड गेले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने खानदेश भिल्ल पलटण उभी केली आणि धरणगावला तिचे ठाणे झाले. ज्यांची शस्त्रे काढून घ्यायची त्यांच्यातल्याच काहींच्या हाती सरकारी बंदूक देण्याचा तो प्रयोग होता. पुढे १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी झाली आणि युरोपियनांना सूट मिळाली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले. शस्त्र हा नागरिकाच्या सन्मानाचा प्रश्न आहे, ही भावना त्या काळातली आहे. आजही परवाना मागणाऱ्यांच्या बोलण्यात ती डोकावते, तिच्यात जिवाची भीती किती आणि प्रतिष्ठेची हौस किती हे वेगळे काढणे कठीण असले तरी.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले आणि २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. एका परवानाधारकाला पूर्वी तीन अग्निशस्त्रे ठेवता येत, आता दोनच. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय मूळ कायद्यातच आहे. रानडुकरांनी आणि रोह्यांनी उभे पीक लोळवलेले ज्याने पाहिले आहे त्याला तिचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

अर्जात काय विचारतात

जळगाव जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. पाचोऱ्याच्या माणसाचा अर्ज चौकशीसाठी स्थानिक पोलीस ठाण्याकडे येतो. अर्जदारावर गुन्हे आहेत का, त्याच्या जिवाला खरोखर धोका आहे का, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी त्याचे वागणे कसे आहे, त्याची मानसिक स्थिती ठीक आहे का, हे पाहिले जाते. वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे आणि त्या प्रशिक्षणात साठवणुकीचाही भाग आहे. शस्त्राचा सुरक्षित वापर व साठवण करीन, असे हमीपत्रही अर्जदार देतो.

कागदावर हे पुरेसे दिसते. पण साऱ्या चौकशीचा रोख अर्जदारावर असतो. घरात किती माणसे राहतात, मुलांची वये काय, मुलगा दहावीत नापास होऊन घरी बसला आहे का, सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे की इथेच आहे, हे कोणी विचारत नाही. परवाना एका माणसाला मिळतो, शस्त्र मात्र सगळ्या घरात राहायला येते.

मुलांबाबत कायद्याने एक रेषा आखली आहे. एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्याला अग्निशस्त्र बाळगता येत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणापुरती, ठरावीक अटींवर सवलत आहे. परवान्याची अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाच्या हाती शस्त्र लागून कोणी दगावले तर भारतीय न्याय संहितेतले निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम लागू शकते. बाल न्याय अधिनियमातले मुलाच्या हेळसांडीचे कलमही आहे. पण भरलेले शस्त्र मुलाच्या हाताला लागेल असे ठेवणे हाच स्वतंत्र गुन्हा, असा कायदा भारतात नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने तो १९८९ मध्ये केला आणि नंतर इतर काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. भारतात कायदा जागा होतो तो गोळी सुटल्यावर.

मूल काय शोधते, काय करते

‘आमच्या मुलांना माहीतच नाही ते कुठे ठेवलेय’ हे शस्त्रधारकांचे सर्वांत आवडते वाक्य आहे आणि ते सर्वांत कमी भरवशाचे आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात २००६ च्या एका अभ्यासात बंदूक असलेल्या घरांतल्या पालकांना आणि मुलांना वेगवेगळे विचारले गेले. मुलांना जागा ठाऊक नाही असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी ती जागा ठाऊक असल्याचे सांगितले. मुलाने शस्त्राला कधी हात लावलेला नाही असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटे पाडले.

त्याआधी, २००१ मध्ये, अटलांटात केलेला एक प्रयोग तर पालकांची झोप उडवणारा आहे. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत पंधरा मिनिटे सोडले. खोलीतल्या एका खणात पाण्याच्या पिचकारीची दोन पिस्तुले होती. दुसऱ्या खणात खरे पिस्तूल होते, अर्थात निकामी केलेले, पण चाप ओढला की नोंद होईल असे. एकतर्फी आरशाआडून निरीक्षण चालले होते. ४८ मुलांना ते सापडले, ३० जणांनी ते हाताळले, १६ जणांनी चाप ओढला. ज्यांना ते सापडले त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातले वाटले किंवा नक्की काय ते कळले नाही. पण खरी धडकी भरते ती पुढच्या निष्कर्षाने. ज्यांनी ते हाताळले किंवा चाप ओढला त्यांच्यातल्या दहांपैकी नऊंहून अधिक मुलांना बंदुकीपासून लांब राहण्याचे धडे आधी मिळालेले होते. समजावून सांगणे आवश्यक आहे, मात्र त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

लहान मुलांच्या बोटांत एवढा जोर कुठला, असाही एक समज आहे. १९९५ मध्ये झालेल्या मोजमापात पाच-सहा वर्षांच्या मुलांपैकी ७० टक्के मुले दोन बोटांनी बाजारातली जवळपास सगळी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे चालवू शकतील एवढा जोर लावत होती. तीन-चार वर्षांच्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. मोठ्या माणसासारखे पिस्तूल धरता येत नसल्याने लहान मूल ते उलटे धरून अंगठ्यांनी चाप दाबू शकते आणि तेव्हा नळीचे तोंड त्याच्याच छातीकडे असते.

आपल्याकडची उदाहरणे लांबची वाटू नयेत इतकी आहेत. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका शाळेत आठवीतल्या मुलाचा वर्गमित्रांनी गोळ्या झाडून खून केला. पिस्तूल एकाच्या वडिलांचे, परवान्याचे होते. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातल्याच यमुनानगरला बारावीच्या विद्यार्थ्याने वडिलांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरने मुख्याध्यापिकेला मारले. जून २०२२ मध्ये लखनौत सोळा वर्षांच्या मुलाने मोबाइलवरच्या खेळाच्या वादातून आईवर गोळी झाडली, तीही वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलाने. वडील सैन्यात होते आणि घराबाहेर होते. ३१ जुलै २०२४ ला बिहारच्या सुपौल जिल्ह्यात पाच वर्षांच्या मुलाने दप्तरातून पिस्तूल शाळेत नेले आणि तिसरीतल्या मुलावर गोळी झाडली. गोळी हाताला लागली आणि तो वाचला. या घटनांतली मुले पाच ते अठरा वर्षांची आहेत आणि हेतूही निरनिराळे आहेत. एखाद्याला सूड घ्यायचा होता, एखाद्याचा राग अनावर झाला होता. सुपौलच्या मुलाला आपण काय करतो आहोत हेही उमगले असेल असे वाटत नाही. शस्त्र हाताला लागणे एवढेच या सगळ्यांत समान होते.

चौथा एक प्रकार आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी निराशेच्या झटक्यात स्वतःला इजा करून घेते. तज्ज्ञांचे निरीक्षण असे की, टोकाच्या क्षणाचा जोर बऱ्याचदा काही मिनिटांत ओसरतो. तेवढ्या मिनिटांत हाताशी घातक साधन नसले तर बहुतेक जण वाचतात आणि पुढे सावरतात. म्हणून कुलूप फक्त रांगत्या मुलासाठी नसते, बारावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्यासाठीही असते. घरात असा काळजीचा प्रसंग असेल तर शस्त्र त्याच दिवशी घराबाहेर न्यावे. १४४१६ या ‘टेलिमानस’ मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

भीती खरी आहे

स्वसंरक्षणाची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेतवस्तीवर पडणारे दरोडे कल्पित नसतात. मळ्यातल्या घरातून फोन केला तरी पोलीस पोचेपर्यंत वेळ जातो. जुलै २०२५ मध्ये पाचोऱ्याच्या बसस्थानक परिसरात एका तरुणाचा गोळ्या झाडून खून झाला, तो तर भर वस्तीत. अशा बातमीनंतर सोन्याचा धंदा करणाऱ्याने शस्त्राचा विचार केला तर त्याला वेडा म्हणता येत नाही. कायदाही त्याला साथ देतो. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे. सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध हा हक्क, काही अटींवर, जीव घेण्यापर्यंतही जातो. अट अशी की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हक्कच उरत नाही. मोटारसायकल ढकलत पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा माणूस बचाव करत नसतो.

प्रश्न आहे तो घरातले शस्त्र प्रत्यक्षात किती वेळा कामी येते याचा. तालुक्याच्या गावांत होणाऱ्या घरफोड्या बहुतेक बंद घरांत होतात. कुटुंब लग्नाला गेलेले असते, मागे कोणी नसते. तेव्हा पिस्तूल कपाटात असेल तर ते दागिन्यांसोबत चोराच्या हाती जाते आणि मालक चोरीच्या फिर्यादीत आपल्याच निष्काळजीपणाची कबुली देतो. अमेरिकेत आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तीन काउंट्यांतल्या खुनांचा अभ्यास केला. बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता तुलनेने २.७ पट दिसली आणि मारणारा बहुधा ओळखीचा किंवा घरचाच निघाला. या अभ्यासावर पुष्कळ वाद झाले. धोका असतो म्हणूनच लोक बंदूक घेतात, तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा आक्षेप रास्त आहे. तो मान्य केला तरी बंदूक आल्याने घर आपोआप सुरक्षित होते, असे सिद्ध होत नाही.

कपाट, किल्ली आणि गच्ची

घरातले शस्त्र प्रत्यक्षात कुठे असते हे पाहिले की प्रश्न नीट कळतो. मधल्या खोलीत लोखंडी कपाट असते. त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यात दागिने, सातबाऱ्याचे उतारे, पासबुके, आणि त्यांच्याच शेजारी कापडात गुंडाळलेले पिस्तूल. बाहेरच्या दाराची किल्ली दारालाच लटकते. आतल्या कप्प्याची किल्ली साड्यांच्या घडीखाली किंवा देवघरातल्या डबीत. लग्नाला जाताना सोने काढायला, रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला हे कपाट सारखे उघडते आणि शेजारी उभे असलेले मूल सगळे पाहते. मे महिन्यात सुरतेहून, पुण्याहून भाचरे मामाकडे येतात. घरच्या मुलांना दटावलेले असते, पाहुण्या मुलांना काहीच सांगितलेले नसते. याच महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि सगळे घर गच्चीवर झोपायला जाते. मालक पिस्तूल खाली बंद ठेवतो, किंवा ‘खाली ठेवून उपयोग काय’ म्हणत ते वर नेऊन उशीखाली ठेवतो. त्याच गच्चीवर त्याच्याभोवती पाच-सात मुले झोपलेली असतात. पहाटे तो उठून शेतात जातो आणि उशी तिथेच राहते.

मोठ्यांच्या हातूनही चूक होते, ती बहुधा अशाच उचल-ठेवीत. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा कपाटात रिव्हॉल्व्हर ठेवत असताना ते निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली. परवाना होता, माणूस अनुभवी होता, घर स्वतःचे होते. शस्त्र भरलेले होते, एवढे पुरले.

साठवणुकीचे नियम जगभर जवळपास सारखेच सांगितले जातात. शस्त्रातून गोळ्या काढाव्यात, शस्त्र कुलपात ठेवावे, गोळ्या वेगळ्या जागी आणि त्याही कुलपात ठेवाव्यात. २००५ मध्ये डेव्हिड ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या हातून झालेल्या गोळीबारांतल्या घरांची तुलना इतर घरांशी केली. कुलूपबंद शस्त्र, रिकामे शस्त्र, कुलूपबंद गोळ्या आणि वेगळ्या ठेवलेल्या गोळ्या या चारही सवयींचा प्रत्येकी स्वतंत्र फायदा दिसला. म्हणजे चारही जमल्या नाहीत तरी एकेक सवय कामाची आहे.

अडचण रिकामे करण्यातही आहे. पिस्तुलाचे मॅगझिन काढले की ते रिकामे झाले, असे अनेकांना वाटते. नळीच्या मागच्या कोठीत एक गोळी आधीच चढलेली असू शकते आणि मॅगझिन बाहेर असतानाही ती सुटू शकते. कोठी उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शस्त्र रिकामे मानू नये, हा नेमबाजीच्या सरावात पहिल्या दिवशी शिकवला जाणारा धडा आहे. दुनळीचे बरे असते. ती मोडली की काडतुसांच्या दोन्ही जागा समोर दिसतात.

‘मग चोर आल्यावर कुलूप उघडत बसू का?’ या प्रश्नालाही उत्तर आहे. भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने घट्ट केलेली, बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांच्या कळांनी उघडणारी छोटी पोलादी पेटी काही सेकंदांत उघडते. किल्लीच नसल्यामुळे ती साडीखाली सापडत नाही. चापावर बसवायचे कुलूप आणि नळीतून ओवायची तार हे स्वस्त पर्याय आहेत, पण ते चोराला शस्त्र उचलून नेण्यापासून अडवत नाहीत. आकडे म्हणजे मुलाची जन्मतारीख नसावी, एवढी साधी गोष्ट सांगावी लागते याचे वाईट वाटते.

कट्ट्याला कुलूप नसते

आतापर्यंतचे सगळे विवेचन परवान्याच्या शस्त्राला लागू पडते. खानदेशात वर्तमानपत्र उघडले की दिसते ते वेगळेच: गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसे हस्तगत. चोपडा तालुक्याच्या उत्तर सीमेलगत, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे गाव कट्टे बनवणाऱ्या भट्ट्यांसाठी बदनाम आहे. तिथला माल जळगाव, धुळ्यातून पुण्या-मुंबईपर्यंत जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आरोपीच्या शोधात तिकडे गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर जमावाने हल्ला केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट उमर्टीत धाड घालून भट्ट्या मोडून काढल्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवणे-विकणे याला किमान सात वर्षे ते जन्मठेप, तर असे शस्त्र बाळगण्याला दोन ते पाच वर्षे कैद आहे.

कट्टा बाळगणारा माणूस हमीपत्र देत नाही, प्रशिक्षण घेत नाही. त्याचा सगळा भर लपवण्यावर असतो. पोलिसांपासून लपवलेली वस्तू मुलांपासून लपेलच असे नाही. घरभर बोटे घालत फिरणारे मूल पोलिसांपेक्षा जास्त चिकाटीने झडती घेते. त्यात या शस्त्राची घडण कच्ची असते, भरवशाचा सुरक्षा-खटका नसतो, धक्क्याने गोळी सुटू शकते, कधी नळीच फुटते. जून २०१९ मध्ये शिर्डीतल्या एका लॉजवर काही तरुण नातेवाईक टिकटॉकसाठी व्हिडिओ काढत होते. हातातल्या कट्ट्यातून गोळी सुटली आणि सतरा वर्षांचा मुलगा जागीच गेला. रीलचा जमाना त्यानंतर ओसरलेला नाही, वाढलाच आहे. कट्टा हातात घेऊन स्टेटस ठेवणारी पोरे पोलिसांना आयती सापडतात, हा त्यातला त्यात बरा शेवट.

शेताच्या बांधावरचा याच जातीचा दुसरा धोका म्हणजे रानडुकरांसाठी पेरलेले गावठी बॉम्बगोळे. ते बेकायदा असतात, दिसायला चेंडूएवढे असतात आणि गुरे व मुले दोघांच्याही वाटेवर असतात.

कुलपाची मर्यादा

सुरक्षित साठवणुकीचा आग्रह धरतानाच तिच्याकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नये. श्रीलंकेत शेतकरी कुटुंबांना कीटकनाशके ठेवायला कुलपाच्या पेट्या वाटून मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पेट्या मिळालेल्या गावांत विषप्राशनाचे प्रमाण घटले नाही. याउलट, सर्वांत जहाल औषधांवर बंदी आल्यावर त्या देशातले मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले होते. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये जवानांना आठवड्याच्या सुटीवर जाताना शस्त्र छावणीतच ठेवायला लावले आणि जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. दोन्ही अनुभव एकच दिशा दाखवतात. घातक वस्तू घरात कुलपात असण्यापेक्षा घराबाहेर असणे जास्त परिणामकारक ठरते. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला बापाची किल्ली, आकडा आणि सवयी सगळे पाठ असते.

घराबाहेर ठेवण्याची सोय आपल्याकडे आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे शस्त्र सुरक्षित ताब्यात देता येते, पोलीस ठाण्यातही जमा करता येते. निवडणूक लागली की हे दरवेळी घडते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधीही कोणाची शस्त्रे जमा करायची याची छाननी राज्यभर झाली. त्या काळात ती घरे शस्त्राशिवायच राहतात. मग मुलांच्या सुट्टीत, घर बंद करून गावाला जाताना, किंवा घरात कोणी मनाने खचलेले असताना तीच वाट स्वतःहून धरायला हरकत नसावी.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांसमोर प्रश्न वेगळ्या रूपात येतो. २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकेत दर शंभर माणसांमागे १२० बंदुका आहेत, भारतात पाच. २०२० पासून तिथल्या मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूंचे पहिले कारण बंदूक आहे. टेक्सासात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी आईबापांच्या घरी बंदूक नसेलही, पण मुलगी ज्या मैत्रिणीकडे खेळायला जाते तिच्या घरी असू शकते. तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की, मूल पाठवण्याआधी ‘तुमच्याकडे बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का’ हे सरळ विचारावे. आपल्या भिडस्त माणसांना हे अवघड जाते. कुत्रा चावतो का हे मात्र आपण बिनदिक्कत विचारतो. मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड गावच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ ला पंधरा वर्षांच्या मुलाने चौघांना मारले. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी घेतले होते. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी आईबापांना अशी शिक्षा होण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

आजोबांची बंदूक

सर्वांत दुर्लक्षित शस्त्र म्हणजे मालक गेल्यानंतर मागे राहिलेले. आजोबांच्या नावे परवाना होता, ते वारले, दुनळी माळ्यावर किंवा भिंतीच्या खुंटीला तशीच राहिली. दसऱ्याला तिची पूजा होते, एरवी तिची आठवणही नसते. काडतुसांचा जुना डबा कुठल्या तरी ट्रंकेत असतो. घरच्यांच्या मते ती चालतच नाही. तिला गंज चढला आहे की ती ठणठणीत आहे हे कोणी तपासलेले नसते आणि नेमके ते तपासायला एखादा पणतू पुढे येतो. अशा शस्त्राने कधीतरी आपले संरक्षण होईल, अशी अपेक्षाही घरात कोणाची नसते. धोका मात्र पुरा असतो.

कायदा इथे संदिग्ध नाही. परवानाधारक वारला की ते शस्त्र घरात ठेवणे बेकायदा ठरते. वारसांनी विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. नंतर वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो, किंवा शस्त्र विकून पैसे घेता येतात. ठरलेल्या मुदतीत काहीच केले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. ज्यांच्या माळ्यावर अशी बंदूक आहे त्यांनी मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना घेऊन पोलीस ठाण्यात जावे, आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय परत येऊ नये.